खिडकीपलीकडचं ऐकायला शिकताना: विद्यार्थी विभागातल्या वर्षभराच्या प्रशिक्षणाचा अनुभव

विद्यापीठाच्या विद्यार्थी विभागात काम करणारे बहुतेक जण या कामाचं शिक्षण घेऊन आलेले नसतात. कुणी लेखा शाखेतून बदलून येतं, कुणी वसतिगृहाचा कारभार बघता बघता अधीक्षक होतं, कुणाकडे शिकवणं सांभाळून विद्यार्थी कल्याणाचा जादा भार आलेला असतो. नियम, अर्ज आणि मुदती दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडतात. पण समोरचा विद्यार्थी जे विचारतो आहे तेच त्याला खरंच विचारायचं आहे का, हे ओळखायला कुणी शिकवत नाही. बारा जणांच्या विभागासाठी आम्ही वर्षभराचं प्रशिक्षण आखलं ते या एकाच गोष्टीभोवती. ते कसं बांधलं, कुठे फसलं आणि का फसलं, हे तपशिलात लिहितो आहोत, म्हणजे दुसऱ्या विभागाला तेच खड्डे पुन्हा चुकवत बसावं लागणार नाही.

सुरुवात सहसा एका प्रश्नावलीने होते: ‘तुम्हाला कोणतं प्रशिक्षण हवं?’ उत्तरं ठरलेली असतात. संगणक, संवादकौशल्य, ताणतणावाचं नियोजन. ही उत्तरं खोटी नसतात, पण आपल्याला काय जमत नाही हे माणसाला नाव घेऊन सांगता येत नाही, म्हणून ती उपयोगाची नसतात. आम्ही प्रश्नावली बाजूला ठेवली आणि खिडकीवर दहा कामाचे दिवस एक नोंदपत्रक ठेवलं. एका पानावर पाच रकाने: सकाळ की दुपार, विद्यार्थ्याने पहिल्यांदा काय विचारलं, शेवटी काय निघालं, कुठे पाठवलं, आणि याच कामासाठी त्याचा हा कितवा फेरा. विद्यार्थ्याचं नाव नाही, कर्मचाऱ्याचंही नाही. एक ओळ भरायला वीस सेकंदांहून जास्त लागता कामा नयेत, नाहीतर तिसऱ्या दिवसापासून पत्रक कोरं राहतं. म्हणून मजकुराऐवजी आठ खुणा ठरवल्या: पैसे, प्रवेश-परीक्षा, वसतिगृह, तब्येत, घर, छळाची तक्रार, कागदपत्रं आणि इतर. ‘इतर’मध्ये पाव भागाहून जास्त नोंदी पडू लागल्या की खुणा चुकल्या आहेत असं समजावं आणि त्यातून एक-दोन नव्या खुणा काढाव्यात. पहिल्या दोन दिवसांच्या नोंदी जमेस धरू नयेत. त्या दिवसांत लोक फक्त ‘मोठी’ प्रकरणं लिहितात आणि साध्या चौकशा सोडून देतात.

या पत्रकाचा जीव दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातल्या फरकात आहे. विचारलं दाखल्याचं आणि निघालं पैशांचं. विचारलं खोली बदलण्याचं आणि निघालं छळाचं. एखाद्या पत्रकावर हे दोन्ही रकाने सरसकट सारखेच भरलेले असतील तर अर्थ दोनच निघतात. एक तर त्या खिडकीवर खरोखर नुसते कागद येतात, नाहीतर पुढचा प्रश्न विचारलाच जात नाही. दुसरी शक्यता तपासायची तर लोकांना खरं लिहिण्याची मोकळीक हवी. म्हणून पत्रकं वाटण्याआधी विभागप्रमुखांकडून एक ओळ लेखी घ्यावी: या नोंदी वार्षिक मूल्यमापनात वापरल्या जाणार नाहीत. ही ओळ नसेल तर पत्रकं स्वच्छ, नीटनेटकी आणि निरुपयोगी भरून येतात.

जोडीला प्रत्येकाकडून दोन प्रसंग लिहून घेतले. एक नीट हाताळला गेलेला, एक हातून निसटलेला. ही पद्धत जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलाच्या वैमानिकांच्या अभ्यासातून तिची बांधणी झाली होती. तिचा गाभा साधा आहे: मत विचारायचं नाही, घडलेलं विचारायचं. काय परिस्थिती होती, तुम्ही नेमकं काय केलंत, त्यातून काय झालं. अर्ध्या पानाची मर्यादा घातली. लेखन हाती आल्यावर विशेषणांखाली रेघ मारून परत दिलं आणि सांगितलं की ही काढून पुन्हा लिहा. ‘उद्धट मुलगा’ काढला की त्या जागी ‘तीन वेळा तोच प्रश्न विचारला, तिसऱ्या वेळी आवाज चढला’ असं काही लिहावं लागतं, आणि तिथेच लिहिणाऱ्याला दिसतं की पहिल्या दोन वेळा उत्तर मिळालंच नव्हतं. बारा जणांचे चोवीस प्रसंग. वर्षभराचं सगळं सरावाचं साहित्य यातूनच निघालं. बाहेरून आणलेली तयार उदाहरणं वाचली की लोक मान डोलावतात, पण आपल्या खिडकीवरचा प्रसंग समोर आला की खुर्ची पुढे ओढून बसतात.

काय शिकायचं याचा नकाशा मात्र नव्याने काढायची गरज नाही. एसीपीए आणि नास्पा या विद्यार्थी विभागात काम करणाऱ्यांच्या अमेरिकेतल्या दोन संघटनांनी या व्यवसायासाठी लागणाऱ्या कौशल्यांची मिळून एक चौकट २०१० मध्ये केली आणि २०१५ मध्ये ती सुधारली. तिच्यात दहा क्षेत्रं आहेत. नीतिमत्ता, कायदा आणि धोरण, मूल्यमापन, नेतृत्व, सामाजिक न्याय, विद्यार्थ्याची वाढ, तंत्रज्ञान, सल्ला आणि आधार वगैरे, आणि प्रत्येक क्षेत्रात पायाभूत, मध्यम, प्रगत अशा तीन पायऱ्या. ही चौकट वापरताना दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे दहाही क्षेत्रं एका वर्षात घेणं. तीन घ्यावीत, त्याहून जास्त नाही. आमची होती सल्ला आणि आधार, विद्यार्थ्याची वाढ, आणि नीतिमत्ता. दुसरी चूक म्हणजे ‘स्वतःला पाचपैकी किती गुण द्याल’ असं विचारणं. संकोची माणूस दोन देतो, ज्याला कामाची खोली ठाऊक नाही तो पाच देतो, आणि आकड्यांना काही अर्थ उरत नाही. गुणांऐवजी दाखला मागावा: ‘गेल्या दोन महिन्यांत हे कौशल्य तुम्ही कुठे वापरलंत, एक प्रसंग लिहा.’ ज्या रकान्यात प्रसंग सुचत नाही, तिथून शिकायला सुरुवात.

वेळापत्रक हा सगळ्यात कमी रंजक आणि सगळ्यात जास्त बिघडणारा भाग. दोन दिवसांची निवासी कार्यशाळा घ्यावी असा मोह प्रत्येकाला होतो, कारण एकदाच काय ते उरकतं. पण हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये दाखवून दिलं तसं शिकलेलं बरंचसं पहिल्या काही दिवसांतच गळून जातं, आणि टिकवायचं तर मध्ये अंतर ठेवून पुन्हा आठवावं लागतं. म्हणून दर पंधरवड्याला नव्वद मिनिटांचं एक सत्र, वर्षभरात सोळा; प्रवेश आणि परीक्षांचे आठवडे वगळून. बारा जण एकदम बसले तर खिडकी बंद पडते, मग ‘एक जण थांबा’ असं होतं, आणि थांबणारा दर वेळी तोच असतो: सर्वात कनिष्ठ, जो विद्यार्थ्यांना सर्वात जास्त भेटतो. म्हणून सहा-सहाच्या दोन तुकड्या केल्या आणि तेच सत्र एका आठवड्यात दोनदा घेतलं. शिकवणाऱ्याचं काम दुप्पट होतं, पण याला पर्याय नाही. हिशेब आधीच मांडून मंजूर करून घ्यावा: बारा माणसं, दीड तास, सोळा सत्रं, म्हणजे २८८ तास. हे तास कार्यालयीन वेळेतले आहेत हे कागदावर आलं नाही, तर तिसऱ्या सत्रापासून सत्रं संध्याकाळी ढकलली जातात आणि ज्यांना घरी लहान मुलं किंवा आजारी माणसं आहेत ते गळतात.

नव्वद मिनिटांची वाटणी अशी ठेवली. पहिली दहा मिनिटं मागच्या वेळचं आठवण्यासाठी, तेही वही न उघडता. पंधरा मिनिटं नवीन मुद्दा. पंचेचाळीस मिनिटं सराव. शेवटची वीस मिनिटं लिहिण्यासाठी: येत्या पंधरा दिवसांत मी नेमकं काय वेगळं करीन, कोणत्या खिडकीवर, कोणत्या वाक्याने. शिकवणारा पंधराची पंचवीस मिनिटं करतोच. घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्यावं.

सराव तिघांच्या गटात. एक विद्यार्थी, एक कर्मचारी, एक निरीक्षक. सात मिनिटं संवाद, पाच मिनिटं त्यावर बोलणं, तीन मिनिटं भूमिका बदलायला. असे तीन फेरे. विद्यार्थ्याची भूमिका करणाऱ्याच्या हातात एक कार्ड असतं आणि त्यावर तीनच गोष्टी: पहिलं वाक्य, मनात काय आहे, आणि कधी बोलायचं. तिसरी गोष्ट नसेल तर कार्ड फुकट जातं. मग विद्यार्थी झालेला सहकारी भिडेपोटी दुसऱ्याच वाक्याला सगळं सांगून टाकतो, किंवा नाटक रंगवत शेवटपर्यंत काहीच सांगत नाही.

एक कार्ड इथे देतो. पहिलं वाक्य: प्रवेश रद्द करण्याचा अर्ज मागायचा. मनात: वडिलांचं काम सुटलं आहे, पुढच्या सत्राचं शुल्क भरता येणार नाही, शुल्काचे हप्ते करून मिळतात हे ठाऊक नाही. कधी बोलायचं: ‘का’ असं विचारलं तर ‘घरगुती कारण आहे’ एवढंच म्हणायचं, समोरच्याने घाई न करता काय घडलं ते विचारलं आणि वाट पाहिली तरच सांगायचं. पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येक गटात असं होतं:

“मॅडम, प्रवेश रद्द करायचा अर्ज कुठे मिळतो?”

“हा घे. पालकांची सही लागेल. आणि शुल्क परत मिळण्याची मुदत संपत आलीय, लवकर आणून दे.”

“हो मॅडम.”

यात चूक काही नाही. बोलणं सौम्य आहे, माहिती बरोबर आहे, वेळेची आठवणही दिली आहे. आणि एका मुलाचं शिक्षण संपलं आहे. म्हणूनच हे कार्ड पहिल्या दोन सत्रांतच वापरावं. नुसतं ‘नीट बोला’ एवढं शिकवून भागत नाही हे ते दाखवतं. तेच कार्ड सरावानंतर:

“देते अर्ज. त्याआधी एक विचारू? हे कधी ठरलं तुझं?”

“कालच.”

“काल काय झालं?”

इथे विद्यार्थी गप्प बसतो. दोन सेकंद, तीन, चार. टेबलावरचा कागद सरळ करावासा वाटतो, स्क्रीनकडे बघावंसं वाटतं, एखादं उत्तर आपणच सुचवावंसं वाटतं. यातलं काही न करता थांबायचं.

“घरून फोन आला होता. बाबांचं काम गेलं.”

या पाच सेकंदांवर आम्ही सर्वात जास्त वेळ घालवला. निरीक्षकाच्या हातात सेकंदकाटा असलेलं घड्याळ असतं आणि त्याच्या कागदावर तीनच नोंदी: शांतता कुणी मोडली, ‘का’ने सुरू होणारे प्रश्न किती, आणि ‘ना’ने संपणारे किती. ‘का’ विचारलं की ऐकणाऱ्याला जाब विचारल्यासारखं वाटतं आणि तो सफाई देऊ लागतो. ‘कधी’, ‘काय झालं’, ‘मग पुढे’ विचारलं की तो हकिकत सांगतो. आणि ‘ना’ हा तर आपल्या बोलण्यातला फार फसवा शब्द आहे. ‘घरी सांगितलंस ना?’, ‘वेळेवर जेवतोस ना?’, ‘सगळं ठीक आहे ना?’ बोलणाऱ्याला यात माया वाटते, पण अशा प्रश्नाला ‘हो’ म्हणणं एवढीच वाट समोर उरते. आपल्या तोंडून किती ‘ना’ जातात याची मोजदाद पहिल्यांदा समोर आली की खोलीत शांतता पसरते. ‘काळजी करू नकोस’ हेही तसंच. शेवटी म्हटलं तर आधार, पहिल्या मिनिटात म्हटलं तर बोलणं बंद.

अभिप्रायाचा क्रमही ठरलेला असावा. आधी विद्यार्थी झालेला सहकारी सांगतो की कोणत्या क्षणी बोलावंसं वाटलं आणि कोणत्या क्षणी नाही. मग निरीक्षक शब्दशः ऐकलेली वाक्यं वाचून दाखवतो. मग कर्मचारी झालेला सहकारी बोलतो. ‘छान केलंस’ आणि ‘असं करायला हवं होतं’ दोन्ही बाद. वरिष्ठ आणि त्याच्या हाताखालचा माणूस एकाच त्रिकुटात ठेवू नये; तसं केलं की निरीक्षकाच्या कागदावर फक्त कौतुक येतं.

तत्त्वज्ञान किती द्यावं? थोडं, पण जरूर. विद्यार्थ्याकडे फक्त अभ्यास करणारी बुद्धी म्हणून न पाहता पूर्ण माणूस म्हणून पाहावं, ही या व्यवसायाची पायाभूत भूमिका अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनच्या १९३७ च्या निवेदनात मांडलेली आहे, आणि आपण करतो ते काम कुठून आलं हे कारकुनापासून अधिष्ठात्यापर्यंत सगळ्यांना माहीत असावं. पण खिडकीवर सर्वात जास्त उपयोगी पडला तो नेव्हिट सॅनफर्ड या मानसशास्त्रज्ञाचा १९६० च्या दशकातला विचार: वाढीसाठी आव्हान आणि आधार दोन्ही लागतात. आव्हान फार झालं आणि आधार नसला तर विद्यार्थी माघार घेतो. आधारच आधार दिला तर जिथल्या तिथे राहतो. अर्ज भरून देण्याच्या साध्या कामालाही हे लावता येतं. पहिल्या वेळी शेजारी बसून दोघांनी मिळून भरायचा. दुसऱ्या वेळी त्याने भरायचा, आपण तपासायचा. तिसऱ्या वेळी त्याने भरून थेट द्यायचा. जे कर्मचारी मायेने तिन्ही वेळा स्वतः भरून देतात आणि जे पहिल्याच वेळी ‘वाचून भर’ म्हणतात, ते दोघेही या एका मुद्द्यावर पहिल्यांदा एकमेकांशी नीट बोलतात. आर्थर चिकरिंगने १९६९ मध्ये मांडलेल्या, विद्यार्थ्याची स्वतःची ओळख घडण्याच्या सात वाटा किंवा नॅन्सी श्लॉसबर्गचा ‘आपण कुणाच्या तरी लेखी आहोत’ या भावनेबद्दलचा विचार असाच एका-एका प्रसंगाला बांधून पंधरा मिनिटांत सांगावा. सगळे सिद्धांत एका सत्रात दिले तर पालथ्या घड्यावर पाणी.

मानसिक संकटाचं सत्र सहाव्या-सातव्या वेळी घ्यावं, पहिल्यांदा नको. तोवर लोकांना एकमेकांसमोर चुकायची सवय झालेली असते. आठवडाभर आधी विषय सांगावा, कारण न देता बाहेर बसण्याची मुभा द्यावी, समुपदेशक सत्रात हजर असावा आणि नंतर अर्धा तास थांबावा. समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या घरात असं काही घडलेलं असू शकतं हे गृहीतच धरावं. साहित्य म्हणून मानसिक आरोग्य प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम उपयोगी आहे. बेट्टी किचनर आणि टोनी जॉर्म यांनी तो ऑस्ट्रेलियात २००० साली सुरू केला आणि आता तो अनेक देशांत शिकवला जातो. उपचार करणं हे आपलं काम नाही. ओळखणं, थांबणं, ऐकणं आणि योग्य हातात सोपवणं हे आपलं काम, ही सीमारेषा त्यात स्पष्ट आहे.

सर्वात मोठा अडसर एका समजुतीचा असतो: आत्महत्येबद्दल थेट विचारलं तर तो विचार डोक्यात घातल्यासारखं होईल. तसं होत नाही. थेट आणि शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बोलायला वाट मिळते. पण हे पटलं तरी वाक्य तोंडातून निघत नाही. म्हणून तेच वाक्य मोठ्याने म्हणण्याचा सराव घेतला. जोडीदाराकडे बघून, तीनदा: “जीव द्यावा असं मनात येतं का?” पहिल्यांदा नजर खाली जाते, आवाज बसतो. आणि पुष्कळांच्या तोंडून आपोआप निघतं, “तसलं काही मनात नाही ना?” पुन्हा तोच ‘ना’. इथे तो मायेचा राहत नाही. समोरच्याने नाही म्हणावं अशी ती विनंती होते, आणि बुडणारा मुलगा ती विनंती मान्य करतो. तिसऱ्या वेळी वाक्य सरळ येऊ लागतं.

पुढची पायरी म्हणजे गुप्ततेचं वाक्य. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. आम्ही एक वाक्य ठरवलं आणि पाठ केलं: “तू सांगतोस ते मी उगाच कुणाला सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मदत करू शकेल अशा माणसाला सांगावं लागेल, आणि ते तुला सांगूनच करीन.” जिवाला धोका दिसला तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि तातडीची मदत बोलवायची. तेवढी निकड नसेल तेव्हाही नुसता नंबर लिहून देऊन भागत नाही. त्याच्यासमोर फोन लावायचा, आपण कोण ते सांगायचं, वेळ ठरवायची, जमलं तर दारापर्यंत सोबत जायचं. चिठ्ठीवर नंबर घेऊन गेलेला विद्यार्थी पोहोचला की नाही हे कुणालाच कळत नाही. इथे बिघडते ती नंबरांची यादी. भिंतीवरच्या यादीतला माणूस बदललेला असतो, किंवा फोन साडेपाचनंतर कुणी उचलत नाही. दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी यादीतल्या प्रत्येक नंबरवर खरोखर फोन लावायचा आणि शेजारी तारीख टाकायची, हे काम एका माणसाच्या नावावर असावं, आणि तो रजेवर असताना कुणाच्या, हेही.

या सत्रानंतर एक वेगळीच अडचण येते आणि तिची तयारी ठेवावी: सगळेच सगळ्यांना समुपदेशकाकडे पाठवू लागतात. शुल्काचा हप्ता मागायला आलेली मुलगी रडली म्हणून तिला समुपदेशकाकडे पाठवलं, आणि हप्त्याचं काम तसंच राहिलं. रडणं म्हणजे आजार नव्हे. म्हणून लगेच पुढच्या सत्रात वीस प्रसंगांच्या चिठ्ठ्या तीन ढिगांत लावायला दिल्या: आपणच सोडवायचं, सोबत जाऊन सोपवायचं, ताबडतोब हाक मारायची. ढिगांवरून वाद झाला पाहिजे. वाद न होता चिठ्ठ्या लागल्या तर त्या फार सोप्या लिहिल्या आहेत.

नोंदी लिहिण्याचं सत्र कंटाळवाणं वाटेल म्हणून पुष्कळ ठिकाणी गाळतात. ते गाळू नये. पुढे चौकशी झाली तर उरतो तो फक्त हा कागद. सरावासाठी एक खराब नोंद दिली: ‘विद्यार्थी नशेत आला आणि उद्धटपणे बोलला.’ ती अशी झाली: ‘दुपारी ४.१० ला आला. बोलताना शब्द अडखळत होते. दोनदा मोठ्याने म्हणाला, “तुम्ही कुणीच ऐकत नाही.” खुर्ची दिली, बसला, पाणी प्यायला. ४.२५ ला वसतिगृह अधीक्षक आले.’ शब्द अडखळतात ते रक्तातली साखर उतरल्यानेही, औषधानेही, दोन रात्री झोप नसल्यानेही. पाहिलेलं लिहायचं, ठरवलेलं नाही. उद्या हा कागद त्याच विद्यार्थ्याच्या हातात पडला तर आपल्याला मान खाली घालावी लागू नये, एवढी एक कसोटी पुरते.

दुसऱ्याच्या खिडकीवर बसून पाहणं हा स्वस्त आणि दुर्लक्षित मार्ग आहे. सलग तीन तास, बोलायचं नाही, मध्ये पडायचं नाही, विद्यार्थ्याची परवानगी घ्यायची आणि समुपदेशनाच्या खोलीत बसायचंच नाही. वसतिगृहातला माणूस शिष्यवृत्तीच्या खिडकीवर बसला की त्याला पहिल्यांदा कळतं की आपण ‘तिकडे विचार’ म्हणून पाठवलेला विद्यार्थी तिथून पुन्हा आपल्याकडेच पाठवला जातो.

महिन्यातून एकदा सहा जणांची प्रकरणचर्चा, तास भर. पाच मिनिटं प्रसंग मांडायचा, दहा मिनिटं फक्त माहितीचे प्रश्न, पंचवीस मिनिटं इतरांनी बोलायचं आणि मांडणाऱ्याने गप्प राहून लिहायचं, पंधरा मिनिटं मांडणाऱ्याने आता काय करणार ते सांगायचं, शेवटची पाच मिनिटं मागच्या महिन्याच्या प्रकरणाचं पुढे काय झालं त्यासाठी. ही शेवटची पाच मिनिटं कधीच सोडू नयेत. बिघडण्याचं पहिलं ठिकाण दहा मिनिटांच्या प्रश्नांत असतं: ‘तुम्ही पालकांना का नाही बोलावलंत?’ हा प्रश्न नसून सल्ला आहे, तो थांबवावा. दुसरं ठिकाण ओळख पटण्याचं. नाव बदललं तरी ‘ती व्हॉलीबॉलवाली’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. शाखा, गाव, खेळ, सगळं काढून मांडावं. तिसरं, विभागप्रमुखांची उपस्थिती. त्यांनी वर्षातून एक-दोनदा यावं आणि तेव्हा स्वतःचं निसटलेलं प्रकरण मांडावं. दुसऱ्यांचं ऐकायला म्हणून येऊ नये.

थकव्याबद्दल एकच व्यावहारिक गोष्ट. दुसऱ्याचं दुःख ऐकून ऐकून येणाऱ्या थकव्याला चार्ल्स फिगलीने १९९० च्या दशकात करुणेचा थकवा म्हणून मांडलं. त्यावर व्याख्यान ठेवण्यापेक्षा नियम करावा: जड प्रकरणानंतर वीस मिनिटं खिडकीपासून दूर, आणि त्या वीस मिनिटांत खिडकी कोण सांभाळणार हे आदल्या दिवशीच फळ्यावर लिहिलेलं. नाव लिहिलेलं नसेल तर कुणीही उठत नाही.

आता मोजणं. डोनाल्ड किर्कपॅट्रिकने १९५९ मध्ये प्रशिक्षण जोखण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: लोकांना कसं वाटलं, काय शिकले, कामात काय बदललं, आणि अखेर परिणाम काय. बहुतेक विभाग पहिल्या पायरीवर थांबतात, कारण चहा संपेपर्यंत अभिप्रायाचे फॉर्म भरून होतात. आम्ही तिसऱ्या पायरीसाठी तेच पाच रकान्यांचं नोंदपत्रक पुन्हा ठेवलं, पुढच्या वर्षी त्याच दहा दिवसांत. हंगाम वेगळा घेतला तर तुलना होत नाही. परीक्षेच्या तोंडावर प्रत्येक खिडकीवर गर्दी असते. बघायच्या तीन गोष्टी: दुसरा आणि तिसरा रकाना वेगळे असलेल्या नोंदी वाढल्या का, एकाच कामाचे फेरे घटले का, आणि सोपवलेले विद्यार्थी पुढे पोहोचले का. छळाच्या आणि मानसिक त्रासाच्या नोंदी वाढतील, आणि वरून विचारणा होईल की प्रशिक्षण देऊनही प्रकरणं कशी वाढली. याचं उत्तर आधीच लिहून वरिष्ठांकडे देऊन ठेवावं: ही प्रकरणं आधीही होती, ती आता खिडकीपर्यंत पोहोचू लागली आहेत. हे कागदावर आधी गेलं नाही, तर वाढलेला आकडा पाहून दुसऱ्या वर्षीची सत्रं बंद होतात.

दुसऱ्या वर्षी चोवीस कार्डांपैकी जी सगळ्यांना पाठ झाली ती काढून टाकली आणि नव्या पत्रकांमधून नवी लिहिली. प्रवेश रद्द करण्याचं कार्ड मात्र ठेवलं. नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या आठवड्यात, नियमांची फाइल त्याच्या हातात देण्याआधी, ते कार्ड घेऊन आम्ही त्याच्यासमोर बसतो.